आठ तासांचा रस्ता

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाला. तेव्हापासून ठाण्या-मुंबईत राहणाऱ्या वैदर्भीय घरांत एक नवा वाद सुरू झाला आहे. पूर्वी तो व्हायचं कारणच नव्हतं. दिवाळीला नागपूरला जायचं तर विदर्भ एक्सप्रेस नाहीतर दुरांतो, आणि तिकीट मिळालं नाही तर ट्रॅव्हल्स. स्वतःची गाडी काढणारा माणूस जळगावला नाहीतर धुळ्याला कोणाकडे तरी मुक्काम धरूनच निघायचा. पंधरा-सोळा तासांचा रस्ता एका दमात मारायची छाती फार थोड्यांची होती. आता सगळे आठ तास म्हणतात. आठ तास म्हणजे ऑफिसची एक पाळी. तेवढ्यासाठी मुक्काम कोण करणार?

आमच्या घरात या वादाच्या दोन बाजू म्हणजे माझा नवरा आणि त्याचे मामा. मामा एसटीत ड्रायव्हर होते, अमरावती विभागात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते ठाण्याला आले होते आणि दिवाळीला आमच्याच गाडीतून परत जाणार होते. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि मामा. बेत नवऱ्याने आखलेला: शुक्रवारी ऑफिसातून यायचं, जेवायचं, रात्री नऊला निघायचं, सकाळी सहाच्या सुमाराला नागपुरात चहा.

त्या दोघांचं बोलणं मी जसं झालं तसं लिहिते आहे, कारण दोघांपैकी कोणीही हट्टाला पेटलेलं नव्हतं. गाडीतल्या माणसांची काळजी दोघांनाही सारखीच होती.

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो रस्त्याबद्दल नव्हताच. "शुक्रवारी तू उठशील किती वाजता?"

"रोजच्यासारखा. साडेसहा."

"अन् नागपुरात पोहोचशील सहाला. म्हणजे साडेतेवीस तास झाले की रे बाप्पा. आठ तास कुठले?"

"मामा, साडेतेवीस तास मी काय गाडी चालवतोय? दिवसभर एसीत खुर्चीवर बसलेला असतो. ते काय श्रम आहेत?"

"खुर्चीवर बसला म्हणजे झोपला असं होत नाही."

नवऱ्याचा खरा मुद्दा मुलांचा होता आणि तो त्याने नीट मांडला. "दिवसा निघालो की धाकटीला उलट्या होतात. मोठा तासाभरात विचारायला लागतो, अजून किती राहिलं. आईचे गुडघे. दिवसा दर दोन तासांनी तिला खाली उतरवायचं, स्वच्छ बाथरूम शोधायचं, पायऱ्या नाहीत ना ते बघायचं. रात्री निघालं की सगळे झोपतात. डोळे उघडले की नागपूर. यात त्रास कोणाला होतो? फक्त मला. मग मी तो घेतो."

हे ऐकून मला भरून आलं, हे मी लपवणार नाही. आपल्याकडे घरातला चालवणारा माणूस असाच विचार करतो: बाकीचे झोपू देत, मी जागतो. या वृत्तीत प्रेम आहे, खरं प्रेम आहे. म्हणूनच तिच्याशी वाद घालणं अवघड जातं.

मामांनी त्या प्रेमाला हात लावला नाही. ते म्हणाले, "तू त्रास घे, हरकत नाही. पण गाडीत सहा जण झोपले तर?"

"सहा?"

"पाच झोपलेच आहेत. सहावा तू."

नवरा हसला, पण मागे हटला नाही. रात्रीच्या बाजूने त्याच्याकडे अजून बरंच होतं. रात्री काँक्रीट तापलेलं नसतं, टायरला बरं. गाड्या कमी. समोरून कोणी येत नाही, दुचाकी-रिक्षांना या रस्त्यावर परवानगीच नाही. कसाऱ्याच्या घाटात पूर्वी ट्रकच्या मागे रांगत जावं लागायचं, आता जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार. आणि शेवटी आकडा: "केंद्र सरकारचा रस्ते अपघातांचा अहवाल दर वर्षी येतो. त्यात सगळ्यात जास्त अपघात कधीचे असतात? संध्याकाळी सहा ते नऊ. रात्री दोन-तीनचे नाहीत."

हा आकडा खरा आहे. सहा ते नऊ या वेळेत देशातले सर्वाधिक अपघात नोंदले जातात. पण त्या तीन तासांत रस्त्यावर माणसंही सर्वाधिक असतात: ऑफिस सुटलेलं, बाजार भरलेला, अंधार नुकता पडलेला. पहाटे तीनला रस्ता रिकामा असतो, तेव्हा एकूण अपघात कमी भरणारच. आपल्याला बघायचं असतं ते वेगळंच: त्या वेळी रस्त्यावर असलेल्या एका गाडीला धोका किती? आणि तिथे माणसाचं शरीर आपल्या बाजूने नसतं. रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं तापमान उतरतं, सावधपणा दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीवर येतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असाच एक छोटा उतार असतो. जेवण हलकं ठेवलं तरी तो येतोच.

नवऱ्याचा बेत मी कागदावर मांडून पाहिला. नऊला घर सोडलं, दहाच्या आसपास आमणे. साडेअकराला, म्हणजे शिर्डी यायच्याही आधी, त्याला जागून सतरा तास होणार. मध्ये एक चहा धरला तर जालना रात्री दोनला. आणि जालना म्हणजे साधारण निम्मा रस्ता. सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा, धामणगाव हा सगळा पट्टा नेमका दोन ते सहामध्ये. जो अर्धा रस्ता सर्वांत थकलेल्या शरीराने काढायचा, तोच सर्वांत वाईट वेळेत येत होता.

सतरा तासांचा आकडा मी उगाच धरला नव्हता. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागा असलेल्या माणसाचं हाता-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं खालावतं आणि चोवीस तासांनी ते साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारूचा थेंबही न घेणारा माझा नवरा शिर्डीच्या अलीकडेच, कामगिरीच्या हिशेबाने, ती मर्यादा ओलांडून गेलेला असणार होता.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, "प्रयोगशाळेतलं आणि रस्त्यावरचं सारखं नसतं. मला गाडी चालवताना झोप येत नाही. मला माहितीये माझं."

मामा बराच वेळ बोलले ते यावर.

"झोप येते तेव्हा ती सांगून येत नाही, राजा. लोक म्हणतात, जांभई आली की थांबू. जांभई तर फार आधी येऊन गेलेली असते. खरी खूण वेगळी आहे. मागचा फलक कोणता गेला ते आठवत नाही. दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. गाडीचा वेग आपोआप खाली-वर व्हायला लागतो. गाडी हळूच पांढऱ्या पट्टीकडे जाते अन् तू झटका देऊन आत घेतो. मागून कोणी बोललं की राग येतो, काही कारण नसताना. हे सुरू झालं की माणूस डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. अन् त्याले विचारा, झोप आली का? तो म्हणतो, नाही."

"मग गाणी लावतो, काच खाली करतो, कॉफी पितो."

"गाण्यानं काही होत नाही. काच उघडली तर पाच-दहा मिनिटं बरं वाटते. आमच्यातले काही खर्रा लावायचे गालात. झोप तिथंच राहायची. कॉफी खरी कामाची, पण तिले अर्धा तास लागते. तोवर पंपावर आत गाडी लावायची अन् पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफी पिऊन झोपायचं, उठलं की कॉफी लागलेली असते. पण पंपावर बरं का, रस्त्याच्या कडेला नाही. त्या रस्त्यावर कडेला उभी असलेली गाडी म्हणजे मागच्यासाठी भिंत."

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर नेमकं हेच घडलं होतं. बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. त्याच वर्षी १ जुलैला रात्री दीडच्या सुमाराला सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, पंचवीस जण गेले. या दोन्ही अपघातांचं खापर मी झोपेवर फोडत नाही. कारणं वेगवेगळी सांगितली गेली. पण त्या दोन्ही गाड्यांमधली बहुतेक माणसं, आमच्या बेतातल्या मुलांसारखीच, झोपेत पोहोचू या भरवशावर बसलेली असणार. समृद्धीवरून जाताना त्या गावांची नावं फलकांवर येतात आणि मला ती नुसती नावं म्हणून वाचता येत नाहीत.

नवऱ्याने मग रस्त्याची बाजू घेतली. "मामा, तुम्ही जुन्या रस्त्याच्या अनुभवावरून बोलताय. अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव. प्रत्येक गावात गतिरोधक, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, चौकात हातगाड्या. तो रस्ता माणसाला पिळून काढायचा. हा तसा नाही. इथे थकायला काही आहेच कुठे?"

"तेच तर म्हणतो मी," मामा म्हणाले. "तो रस्ता छळायचा, पण झोपू द्यायचा नाही. गाव आलं, गिअर बदल. बैल आडवा आला, ब्रेक. खामगावच्या स्टँडवर उतरलो, कंट्रोलरकडे नोंद केली, चहा घेतला, कंडक्टरशी दोन गोष्टी. पाय मोकळे व्हायचे. हा तुमचा रस्ता काही मागतच नाही माणसाले. सरळ जा, सरळ जा. पायाले काम नाही, हाताले काम नाही. ऑटोमॅटिक गाडी असली तर मग विचारूच नको."

मला वाटतं, त्या संध्याकाळी बोलल्या गेलेल्या सगळ्यांत ही गोष्ट सर्वांत मोलाची होती. समृद्धी सुरू झाल्यावर वर्तमानपत्रांतून 'रोड हिप्नोसिस'बद्दल बरंच छापून आलं. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू नोंद घेणं सोडतो, तो हा प्रकार. जुना रस्ता आपल्याला न विचारता विश्रांती द्यायचा. गावं, फाटक, टपरी, घाट यांनी आपला प्रवास आपोआप तुकड्यांत कापला जायचा. त्या अडथळ्यांना आपण शिव्या दिल्या, आणि रास्तच होत्या. त्या रस्त्यावर माणसं कमी मेली असंही नाही. पण ते अडथळे गेले तेव्हा थांबण्याचं कामही आपल्याकडे आलं, ते कोणी आपल्याला सांगितलं नाही. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदं डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. खामगावच्या बाजारातून तीसच्या वेगाने जाताना तीच डुलकी बहुधा एखाद्या हातगाडीवर निभावली असती.

"बरं," नवरा म्हणाला, "मग जालन्याला नाहीतर संभाजीनगरला मुक्काम करू. दिवाळीत दोन खोल्या मिळाल्या असं धरून चालू. समृद्धी सोडून शहरात शिरायचं, रात्री एकला हॉटेलात पोहोचायचं. मुलं नवीन पलंगावर उड्या मारणार. आई नव्या जागी झोपत नाही. लग्नाचा हॉल शेजारी असला तर संपलंच. अडीचला डोळा लागेल, सातला उठायचं. मग सकाळी मी चार तासांच्या झोपेवर चालवायला तयार. याला तुम्ही सुरक्षित म्हणता?"

मामा मुक्कामाची बाजू लावून धरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली. "तुझं खरं आहे. मुक्काम केला म्हणजे झोप झाली असं नाही. आमची मुक्कामी गाडी असायची खेड्यात. रात्री नऊला पोहोचायची, सकाळी साडेपाचला पहिली फेरी. झोपायचं कुठं? गाडीतच, नाहीतर टपावर. डास असे की चादर डोक्यावरून घेतली तरी कानात. सकाळी गाडी काढायचो तेव्हा अंग जड असायचं. त्याले मुक्काम म्हणायचे सगळे, पण झोप नव्हती ती."

मुक्काम हा आपोआप शहाणपणा ठरत नाही, आणि सलग जाणं हा आपोआप वेडेपणा ठरत नाही. दोघंही इतका वेळ किलोमीटर मोजत होते. मोजायचं होतं ते चालवणाऱ्याचं जागरण. पुरती झोप घेऊन पहाटे पाचला निघालेला माणूस दुपारच्या जेवणानंतर थोडा आडवा झाला तर दिवेलागणीच्या आत नागपुरात सलग पोहोचतो, आणि माझ्या मते ते योग्य आहे. शुक्रवारच्या ऑफिसनंतर निघालेला माणूस मध्ये तासभर थांबला तरी योग्य नाही. ट्रक-बस चालवणाऱ्या पगारी माणसासाठी २०२५ पर्यंत निदान १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता: दिवसाला आठ तास, आणि पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. तो किती पाळला गेला हा वेगळा विषय. पण स्वतःच्या मुलांना घेऊन निघालेल्या बापाला तेवढंही कोणी सांगत नाही.

"म्हणजे शनिवारी पहाटे," नवरा म्हणाला. "एक दिवस गेला. धनत्रयोदशी रस्त्यावर. आणि शुक्रवारी रात्री मी झोपणार कधी? फराळाचे डबे, बॅगा, गॅस बंद, झाडांना पाणी, आईची औषधं. बारा वाजतातच."

"ड्रायव्हरनं सामान बांधायचं नाही," मामा म्हणाले. "जेवायचं अन् नऊला झोपायचं. सामान बाकीच्यांनी बांधायचं."

इथे मला बोलावं लागलं. बाकीचे म्हणजे कोण? बाकीचे म्हणजे मी. मग पहाटे पाचला पुढच्या सीटवर बसून त्याला जागं ठेवायचं कामही माझंच. आणि मी रोज घोडबंदर रोडवर गाडी चालवते. लायसन्स माझ्या पर्समध्ये असतं. लांबच्या प्रवासाला निघालो की ते आहे हे सगळे विसरतात, मीही विसरते. इतका वेळ चाललेल्या वादात 'ड्रायव्हर' हा शब्द कितीदा आला असेल, प्रत्येक वेळी तो एकवचनी होता.

"तू हायवेला कधी चालवली नाहीस," नवरा म्हणाला. खोटं नव्हतं.

"शिकायला याहून बरा रस्ता कुठला?" मी म्हटलं. "समोरून गाडी नाही, चौक नाही, दिवसाचा उजेड, आणि तू शेजारी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई चालवते तर मग हिशेब बदलला. दोन-दोन तासांनी बदला. ठाण्याहून घाट तू काढ, कारण तो तुझ्या सवयीचा. शिर्डीपासून हिले दे. मात्र एक. जो चालवत नाही त्यानं मागं जाऊन झोपायचं. पुढं बसून पायानं ब्रेक दाबत राहायचं नाही. पुढं मी बसतो, गोष्टी सांगतो."

"आणि सामान?" मी विचारलं.

"सामान गुरुवारी. दोघांनी मिळून. शुक्रवारी कोणी काही बांधायचं नाही."

नवरा लगेच हो म्हणाला नाही. त्याने धाकटीच्या उलट्यांचा प्रश्न परत काढला. त्यावर डॉक्टरांना विचारून औषध घ्यायचं ठरलं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं की त्यांना दर दोन तासांनी उतरायला आवडेलच, गुडघे आखडतात ते न उतरल्यामुळे. त्यांना इतका वेळ कोणी विचारलंच नव्हतं. निघताना टायर थंड असताना हवा तपासायची, यावर मामा-भाच्याचं पहिल्या वाक्यातच जमलं. आणि थांबायचं कधी हे चालवणाऱ्याने ठरवायचं नाही, हा मामांचा नियम मी उचलून धरला. शेजारचा म्हणाला थांब, की पुढच्या पंपावर थांबायचं; का, असं विचारायचं नाही. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हेच सर्वांत शेवटी कळतं. मग तो निर्णय त्याच्याकडे ठेवायचा कशासाठी?

एवढं ठरल्यावर नवरा म्हणाला, "येताना मात्र रविवारी रात्री जेवून निघू. सोमवारी सकाळी थेट ऑफिस."

मामा उठायला निघाले होते, ते परत बसले. "जातानाचा विचार सगळे करतात. येतानाचा कोणी करत नाही. जाताना घरून झोपून निघतो माणूस. येताना दिवाळीचे सगळे दिवस जागरणाचे असतात. रात्री पत्ते, सकाळी अभ्यंगस्नान, दुपारी कोणाकडे तरी जेवण, भाऊबीजेले तर चार घरं. त्यावर रविवारचं जड जेवण, अन् मग गाडी. जाताना घर ओढून नेते, येताना ऑफिस मागून ढकलते. मी तर म्हणतो, जातानापेक्षा येतानाच जपलं पाहिजे."

"सोमवारची रजा मिळणार नाही, मामा. महिनाअखेर आहे."

"मागून तर पाहा."

त्यावर अजून एकमत झालेलं नाही. नवरा म्हणतो, रविवारी सकाळीच निघू, म्हणजे रजा लागणार नाही. सासूबाई म्हणतात, नणंद यंदा रविवारी येणार, तिला न भेटता कसं निघायचं? मी माझ्या ऑफिसात सोमवारच्या रजेचा अर्ज टाकला आहे, आणि कारणाच्या रकान्यात 'प्रवास' असं लिहिलं आहे.